मित्राने दाखवलेला चित्रपट

उतारवयात माणसाचे देणे कमी होत जाते आणि घेणे वाढत जाते. औषधांच्या वेळा दुसरे कोणी सांगते, बँकेचे काम मुलगा मोबाइलवर उरकतो, भाजी सून आणते, पथ्य डॉक्टर ठरवतात. हे सारे मायेने होत असते. तरीही दिवसभर केवळ घेत राहणाऱ्या माणसाला हळूहळू वाटू लागते, की आपल्यापाशी कोणाला द्यावे असे आता काही उरलेले नाही. वाचकहो, या भावनेवरचा एक साधा आणि जवळजवळ बिनखर्चाचा उपाय आपल्या पुण्यात फार जुना आहे. आपल्याला मनापासून आवडलेला, पण समोरच्याने न पाहिलेला चित्रपट त्याला दाखवावा आणि मग त्याच्याजवळ बसून त्यावर बोलावे.

ज्यांची गाणी सर्वांना पाठ आहेत आणि जे दर रविवारी दूरचित्रवाणीवर लागतात, अशा चित्रपटांविषयी येथे बोलायचे नाही. ते पाहण्यासाठी कोणाच्या शिफारशीची गरज नसते. ज्यांना चित्रपटगृहात दोन आठवडेही मिळाले नाहीत, ज्यांची जाहिरात झाली नाही, पण ज्यांनी पाहिले त्यांच्या मनातून जे कधी गेले नाहीत, अशा चित्रपटांचा हा विषय आहे. अशा थोड्या पण निष्ठावान प्रेक्षकांच्या चित्रपटाला हल्ली ‘कल्ट’ म्हणतात. आपल्याकडे त्याला ‘संप्रदाय’ हा शब्द शोभेल. कारण संप्रदाय वाढतो तो एकाने दुसऱ्याला सांगितल्याने.

पुण्याची जुनी सवय

१९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. ‘संत तुकाराम’ (१९३६) हा तिचा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. पुढे कंपनी बंद पडली आणि तिच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिच्या आवारातला ‘विस्डम ट्री’ सर्वांना ठाऊक आहे. संध्याकाळी पडद्यावर पाहिलेल्या चित्रपटावर रात्री उशिरापर्यंत त्या झाडाखाली वाद घालत विद्यार्थ्यांच्या पिढ्यामागून पिढ्या घडल्या.

१९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. पी. के. नायर यांनी १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत हजारो चित्रपटांच्या प्रती येथे आणल्या. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ या मूकपटांचे जे भाग आज आपण पाहू शकतो, ते जपण्याचे बरेचसे श्रेय नायर यांना जाते. मात्र केवळ जपून ठेवण्यावर त्यांचे समाधान नव्हते. चित्रपट डब्यात राहिला तर तो असून नसल्यासारखा, तो लोकांना दाखवला पाहिजे, अशा वृत्तीचा हा माणूस होता. कर्नाटकातील हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ संस्थेने ग्रामस्थांना जगातले उत्तम चित्रपट दाखवायचे ठरवले, तेव्हा नायर आणि फिल्म इन्स्टिट्यूटमधील चित्रपट रसग्रहणाचे प्राध्यापक सतीश बहादूर यांनी त्या कामाला हात दिला. शेतावरून आलेली माणसे ‘पथेर पांचाली’ आणि ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहू लागली. त्या प्रेक्षकांना चित्रपटाच्या शिक्षणाची पूर्वतयारी नव्हती. विश्वासाने दाखवणारा कोणीतरी होता, तेवढे पुरले.

हीच गोष्ट फिल्म सोसायटी चळवळीची. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी सुरू केली. १९५९ मध्ये देशभरच्या अशा मंडळांचा महासंघ झाला. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ उभे राहिले. पुण्यात आशय फिल्म क्लबने हा वसा घेतला. त्या काळी घरी चित्रपट पाहण्याची सोय नव्हती. अलका टॉकीज किंवा राहुलला लागणारे इंग्रजी चित्रपट वगळता परदेशी चित्रपट पाहायचा, तर कोणीतरी त्याची प्रत मिळवावी लागे, सभागृह घ्यावे लागे, खुर्च्या मांडाव्या लागत. आपल्यापैकी कित्येकांनी ऑफिस सुटल्यावर थेट असे खेळ गाठले असतील. घरी परतताना सायकल हातात धरून, चालत चालत, शेवटाचा अर्थ काय यावर मित्राशी वाद घातला असेल.

आज स्थिती उलटी आहे. हजारो चित्रपट हातातल्या पडद्यावर आहेत, पण ‘हा बघ’ असे सांगणारा माणूस मात्र दूर गेला आहे. यंत्र आपल्याला सुचवते ते आपण आधी पाहिलेल्यासारखेच. आपला स्वभाव ओळखून, ‘तुला पहिला अर्धा तास कंटाळा येईल, पण उठू नकोस’ असे बजावून सांगणे फक्त मित्रालाच जमते.

न चाललेला चित्रपट घरोघरी कसा पोहोचला?

‘जाने भी दो यारो’चे उदाहरण घ्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या कुंदन शहा यांचा हा पहिला मोठा चित्रपट. खर्च सुमारे सात लाख रुपये. नसीरुद्दीन शहा, ओम पुरी, सतीश शहा हे त्यातले नटही याच संस्थेचे विद्यार्थी. १९८३ मध्ये तो प्रदर्शित झाला आणि तिकीटबारीवर फारसा चालला नाही. पुढे तो दूरदर्शनवर दाखवला गेला, व्हिडिओ कॅसेटवर फिरला आणि एकाने दुसऱ्याला सांगत गेला. प्रेताला घेऊन पळापळ करणारे दोन गरीब छायाचित्रकार आणि रंगमंचावर घातलेला महाभारताचा तो गोंधळ आज ज्यांना आठवतो, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी तो पहिल्या आठवड्यात चित्रपटगृहात पाहिला असेल. २०१२ मध्ये त्याची नवी प्रत तयार होऊन तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तोही या सांगणाऱ्यांच्या पुण्याईने.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चित्रपटाचे आयुष्य त्याच्या प्रेक्षकांच्या स्मरणावर अवलंबून असते. आपल्या देशातले बहुसंख्य मूकपट आज उपलब्ध नाहीत. पुण्यातही जानेवारी २००३ मधील आगीत जुन्या नायट्रेट फिल्मची असंख्य रिळे नष्ट झाली. जे पडद्यावर उरले नाही, ते कोणाच्या तरी आठवणीत आहे. सत्तरी-ऐंशीची व्यक्ती या अर्थाने स्वतःच एक संग्रहालय असते. कोणता चित्रपट कुठे पाहिला, बरोबर कोण होते, तिकीट किती होते, घरी काय सांगून गेलो होतो, हा सारा ऐवज तिच्याखेरीज कोणाकडे नाही. तो बाहेर येण्यासाठी विचारणारे कोणी हवे.

वैद्यकशास्त्र काय सांगते?

इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढील नागरिकांच्या प्रकृतीचा दीर्घकाळ मागोवा घेणारी एक मोठी पाहणी चालू आहे. तिच्यातील २,१४८ व्यक्तींच्या सुमारे दहा वर्षांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला यांपैकी कोणालाही नैराश्य नव्हते. जे दर काही महिन्यांनी चित्रपट, नाटक किंवा संग्रहालय पाहायला जात, त्यांच्यात पुढे नैराश्य येण्याची शक्यता न जाणाऱ्यांच्या तुलनेत ३२ टक्क्यांनी कमी आढळली. महिन्यातून एकदा किंवा अधिक वेळा जाणाऱ्यांत ती ४८ टक्क्यांनी कमी होती. अर्थात, अशा निरीक्षणातून कारण आणि परिणाम यांचा पक्का संबंध सिद्ध होत नाही. ज्यांची प्रकृती आणि मनःस्थिती मुळात बरी, तेच अधिक बाहेर पडतात, असेही असू शकते. संशोधकांनी शिक्षण, उत्पन्न, आजार यांसारखे घटक हिशेबात घेतले, तरीही संबंध टिकून राहिला, एवढे मात्र लक्षात घेण्याजोगे आहे.

दुसरा दाखला स्मृतिभ्रंशाचा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे १४ जोखीम-घटक सांगितले. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि धूम्रपान यांच्याबरोबर त्या यादीत एकाकीपणे राहणे, नैराश्य, उपचार न केलेला बहिरेपणा आणि उपचार न केलेली अधू दृष्टी यांचाही समावेश आहे. म्हणजे कानाचे यंत्र पेटीत न ठेवता कानाला लावणे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया न टाळणे आणि चार माणसांत मिसळणे, या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्प बसतो, गप्प बसतो म्हणून त्याला बोलावणे येत नाही, आणि बोलावणे येत नाही म्हणून तो आणखी आत आत जातो. मित्राने चित्रपटासाठी बोलावले, की या साखळीची एक कडी तुटते.

याचा अर्थ चित्रपट हे औषध आहे, असा कोणी काढू नये. चालू असलेली गोळी बंद करण्याचे तर ते कारण नव्हेच. एकट्याने दिवसभर दूरचित्रवाणीसमोर बसून राहणेही येथे अभिप्रेत नाही. आधीची निवड, सोबतचे पाहणे आणि नंतरचे बोलणे, या तीन पायऱ्यांतला सहवास हाच यातला लाभाचा भाग.

कोणाला काय दाखवावे?

शिफारस करताना समोरच्या व्यक्तीचा विचार आधी करावा. चित्रपट कितीही थोर असो, तो त्या दिवशी त्या मनाला पेलणारा हवा. प्रारंभासाठी येथे पाच चित्रपट सुचवतो.

‘शेजारी’ (१९४१): व्ही. शांताराम दिग्दर्शित हा ‘प्रभात’चा चित्रपट दोन वृद्ध मित्रांचा आहे. एक हिंदू, एक मुसलमान. गावात धरण बांधण्याचा घाट घातला जातो आणि आयुष्यभराच्या मैत्रीत फूट पाडली जाते. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांचे काम आजही जुने वाटत नाही. ज्यांचा एखाद्या जुन्या मित्राशी अबोला आहे, त्यांनी तो त्याच मित्राला बोलावून पाहावा. शेवट मात्र करुण आहे.

‘२२ जून १८९७’ (१९७९): नचिकेत आणि जयू पटवर्धन या वास्तुविशारद दांपत्याने चाफेकर बंधूंवर केलेला हा चित्रपट नव्या पिढीतल्या पुणेकरांना फारसा ठाऊक नाही. प्लेगच्या साथीतले पुणे, घरोघरची झडती आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेली गोळी. करोनाची टाळेबंदी अनुभवलेल्या नातवंडांना तो दाखवला, तर साथ, सक्ती आणि भीती यांवर दोन पिढ्यांचे बोलणे आपोआप सुरू होईल.

‘कुंकू’ (१९३७): वृद्ध विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा आणि तिचा खंबीर नकार. शांता आपटे यांची ही भूमिका आजच्या मुलींनाही थक्क करते. मात्र अखेरीस काकासाहेब स्वतःचे आयुष्य संपवतात. ज्यांच्या मनावर मळभ आहे, किंवा ज्यांच्या घरात अशी घटना घडली आहे, त्यांना हा चित्रपट दाखवू नये. इतरांनाही शेवटाची कल्पना आधी द्यावी.

‘अस्तु’ (२०१३): सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या पुण्याच्या दिग्दर्शकद्वयाचा हा चित्रपट काळजीवाहकांनी अवश्य पाहावा. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक डॉ. चक्रपाणि शास्त्री स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत. रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागे ते निघून जातात आणि मुलगी इरा त्यांना शोधत राहते. शास्त्रींची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना आणि संवादांसाठी सुमित्रा भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इतके असूनही तो फार थोड्यांपर्यंत पोहोचला. म्हाताऱ्या वडिलांवर एकदा तरी चिडलेल्या आणि मग अपराधी वाटून रडलेल्या प्रत्येक मुलीला आणि सुनेला इरामध्ये स्वतःची ओळख पटेल.

‘कासव’ (२०१६): सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळवलेली ही याच दिग्दर्शकद्वयाची कृती. नैराश्याने खचलेल्या तरुणाला कोकणच्या किनाऱ्यावर मायेची माणसे भेटतात. यातही आत्महत्येच्या प्रयत्नाचा संदर्भ आहे, म्हणून वर सांगितलेली सावधगिरी येथेही बाळगावी. ‘अस्तु’ आणि ‘कासव’ ठिकठिकाणी दाखवून नंतर प्रेक्षकांशी बोलण्याचा उपक्रम डॉ. आगाशे यांनी केला. पाहण्यापेक्षा नंतरच्या बोलण्यात लोक अधिक मोकळे होतात, हे त्यामागचे तत्त्व आपल्या दिवाणखान्यातही लागू पडते.

काळजीवाहकांसाठी

आपण वडिलांना किंवा सासूबाईंना चित्रपट लावून देता आणि त्या वेळात स्वयंपाक उरकता. त्यात काही गैर नाही, आपल्यालाही उसंत हवी. पण पंधरा दिवसांतून एकदा हा क्रम उलटा करून पाहावा. ‘आज तुम्ही मला कोणता चित्रपट दाखवाल?’ असे विचारावे आणि शेजारी बसावे. या एका प्रश्नाने घरातले नाते क्षणभर बदलते. रोज सूचना ऐकणारी व्यक्ती त्या दिवशी यजमान होते. ती आधी प्रस्तावना करील, मध्येच थांबवून ‘आता नीट बघ’ म्हणेल, कदाचित शेवट आधीच सांगून टाकील. त्याचा राग मानू नये.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसाठी थोडा वेगळा विचार करावा. पूर्ण चित्रपटाचा आग्रह नको, वीस-पंचवीस मिनिटांचा परिचित भाग किंवा गाणी पुरेत. ‘हे कोण, आठवते का?’ असे विचारणे परीक्षेसारखे वाटते आणि उत्तर न आल्यास मन खट्टू होते. त्याऐवजी ‘हा आवाज किती गोड आहे, नाही?’ असे म्हणावे. चुकीचे नाव सांगितले तरी दुरुस्ती करू नये. मारामारी, आक्रोश किंवा पडद्यावरचा मृत्यू त्यांना प्रत्यक्ष घडल्यासारखा वाटू शकतो. काही रुग्णांची अस्वस्थता सायंकाळी वाढते, त्यांच्यासाठी सकाळची वेळ बरी.

आपलाही एक मित्र किंवा मैत्रीण या निमित्ताने जवळ ठेवावी. दीर्घ शुश्रूषेत काळजीवाहकाच्या ओळखी एकेक करून गळून पडतात. भेटणे जमत नसेल, तर दोघींनी आपापल्या घरी एकच चित्रपट पाहून दुसऱ्या दिवशी फोनवर बोलावे. अर्ध्या तासाच्या त्या बोलण्यात आजाराखेरीज दुसरा विषय असतो, हेच त्याचे मोल.

बैठकीची तयारी

• चौघे-सहा जण पुरेत. दर पाळीला निवड एकाची, आणि त्या निवडीवर इतरांचा नकाराधिकार नाही. नावडला तर नंतर मोकळेपणाने सांगावे.

• खोली पूर्ण काळोखी करू नये. उठताना अडखळून पडण्याचा धोका असतो. शौचालयाच्या वाटेवर दिवा असावा, वायर आणि पायपुसणी बाजूला करावीत.

• पाऊण तासाने मध्यंतर घ्यावेच. पाय लोंबकळत ठेवून दीर्घकाळ बसल्याने पावलांवर सूज येते. मध्यंतरात खोलीतच चार फेऱ्या माराव्यात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आधी खुर्चीच्या कडेला मिनिटभर बसून मग उभे राहावे.

• मधुमेह असणाऱ्यांनी जेवणाची आणि इन्सुलिनची वेळ चुकवू नये. फरसाण आणि चहाऐवजी फुटाणे, ताक किंवा फळाची फोड ठेवावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांनी सांगितलेलेच पथ्य पाळावे.

• कानाचे यंत्र लावावे, पंखा आणि मिक्सरचा आवाज टाळावा. मोठ्या अक्षरांतील उपशीर्षके मराठी चित्रपटालाही लावता आली तर लावावीत.

• रात्री उशिरा खेळ ठेवू नये. झोप मोडण्याइतका कोणताही चित्रपट महत्त्वाचा नाही.

• सभागृहात जायचे असेल, तर जिने, लिफ्ट आणि चाकांच्या खुर्चीची सोय आधी विचारून घ्यावी.

• शेवटी अर्धा तास बोलण्यासाठी राखून ठेवावा. ‘कसा वाटला?’ यापेक्षा ‘तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते?’ हा प्रश्न अधिक बोलते करतो.

• एक वही करावी. पाहिलेल्या चित्रपटांची टिपणे वह्यांमध्ये ठेवण्याची नायर यांची सवय होती. चित्रपटाचे नाव, कोणी दाखवला आणि मनात राहिलेले एक दृश्य, एवढेच लिहावे.

एखादा चित्रपट पाहून कोणी फार वेळ गप्प झाले, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर तो चित्रपटाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना भेटावे. मानसिक आधारासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या अडचणींसाठी ‘एल्डरलाइन’चा १४५६७ हे शासकीय निःशुल्क क्रमांक आहेत. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

आता वही आणि पेन घेऊन बसा. आपण पाहिलेल्या चित्रपटांतून असा एक निवडा, जो आपल्या ओळखीच्या कोणीही पाहिलेला नसेल. त्याच्यापुढे एका व्यक्तीचे नाव लिहा. बरेच दिवस जिचा फोन आलेला नाही अशी व्यक्ती असल्यास उत्तम. येत्या रविवारी सकाळी तिला फोन करून बोलवा. बाकीची तयारी वर दिलीच आहे.